अळूच्या वाफ्याचे स्वर

हिलो, हवाई
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

आपल्याला गिटार शिकवणारे अंकल गेल्याचे तुला फोनवर सांगितले तेव्हा तू बराच वेळ काही बोलला नाहीस आणि मग "बरं" एवढेच म्हणून फोन ठेवलास. त्या "बरं"मध्ये काय दाटले होते ते मला कळले, म्हणूनच पुन्हा फोन न करता पत्र लिहायला बसले आहे. फोनवर आपण दोघेही विषय बदलण्यात पटाईत आहोत. नऊ वर्षांपूर्वी अंकल तुझ्याबद्दल माझ्याजवळ जे बोलले ते मी तुला आजवर सांगितलेले नाही. आता सांगण्याला फार उशीर झाला आहे, पण न सांगितले तर ते माझ्याबरोबरच जाईल, आणि ते माझे नव्हतेच.

आधी कालचे लिहिते. काल शनिवारी सकाळी त्यांची रक्षा समुद्रात सोडली. रात्रभर हिलोचा पाऊस पडून पहाटे थांबला होता. किनाऱ्यावर उलांडीच्या चार होड्या लावल्या होत्या. पहिल्या होडीत त्यांची मुलगी रक्षेचे भांडे मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही बाकीचे काठावर राहिलो. पांढऱ्या कपड्यांत कुणीही नव्हते, सगळे फुलाफुलांचे सदरे घालून आले होते. तुझ्या बाबांनीसुद्धा अंकलनी एका नाताळात दिलेला तो अननसांचा सदरा काल पहिल्यांदा अंगावर चढवला. होड्या निघण्यापूर्वी एक काम होते. लोकांनी आणलेल्या लेईंमधून दोरा काढायचा होता, कारण दोऱ्यासकट हार पाण्यात गेला तर तो कासवांना अडकतो. बायकांच्या घोळक्यात मीही दोरे ओढत बसले. बहुतेक हार चाफ्याचे होते. गाठ सोडून दोरा हलक्या हाताने ओढला की फुले ओंजळीत घसरत येतात, आणि हिसका दिला तर पाकळ्या फाटतात. तासभर हे काम करताना माझ्या डोळ्यांना पाणी आले नाही. होड्या लांब गेल्यावर काठावरच्या अकरा गिटारी एकदम वाजू लागल्या तेव्हा ते आले, कारण त्या अकराही गिटारी अळूच्या वाफ्यात लावलेल्या होत्या.

गिटारीच्या तारा लावण्याच्या 'टॅरो पॅच' या प्रकाराच्या नावाचे मराठीकरण मी केले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि खो खो हसला होतास. पण अंकलची आणि माझी ओळख खरोखरच अळूमुळे झाली. २००८ साली हिलोच्या बाजारात ते शनिवारी अळूची पाने आणि कंद विकायला बसत. मी वड्यांसाठी पाने निवडत होते आणि मागून मला तंबोरा ऐकू आला. तंबोरा तिथे कुठून येणार? गिऱ्हाईक नसताना अंकल टेम्पोच्या फळीवर बसून गिटारीच्या मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवत होते, एवढेच. माझे बालपण मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर गेले. शाळेतून येताना दुकानाच्या पायरीवर थांबून जवारी लावणाऱ्या कारागिराचे हात बघत राहायचे हा माझा नेम होता. त्यामुळे पंचम आणि षड्ज मोकळ्या तारेवर एकमेकांत मिसळले की मान आपोआप वळते. मी विचारले, "तुम्ही सा कुठे धरला आहे?" अर्थात इंग्रजीत विचारले आणि वेड्यासारखे विचारले, पण त्यांना ते कळले. त्यांनी पाचव्या तारेवर बोट ठेवून ती छेडली.

ते लावणे तुला पाठ आहे, तरीही इथे लिहून ठेवते, कारण पुढे ज्याची गोष्ट सांगायची आहे ते लावणे मी लिहिणार नाही. साध्या गिटारीवर जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. त्यांपैकी सहावी, पाचवी आणि पहिली (मोजणी बारीक तारेकडून) या तीन तारा प्रत्येकी एका पूर्ण स्वराने उतरवल्या की डी, जी, डी, जी, बी, डी मिळतात. जी हा षड्ज धरला तर ते झाले प, सा, प, सा, ग, प. डावा हात गिटारीला लागण्याआधीच ती सुरेल बोलू लागते. तारा अशा सैल सोडून वाजवण्याच्या पद्धतीलाच हवाईयन भाषेत 'की होआलू' म्हणतात, म्हणजे खुंटी सैल करणे. अंगठा जाड तारांवर एका लयीत चालत राहतो आणि बोटे बारीक तारांवर चाल वाजवतात, त्यामुळे आंधळ्याला वाटावे की दोघे जण वाजवत आहेत. माझा अंगठा चालायला आठ महिने लागले. तुझा दुसऱ्या शनिवारी चालू लागला, हे मी त्या वेळी मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगत असे. कौतुक खरे होते. त्याखाली आणखी काय होते त्याकडे मी पुढे येते.

मिरजेच्या आजोबांना मी काय शिकते आहे ते शेवटपर्यंत नीट समजले नाही. त्यांच्या डोक्यात 'हवाईयन गिटार' म्हणजे मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची, जुन्या हिंदी गाण्यांत घसरत जाणाऱ्या स्वरांची गिटार. ती वेगळी. तीही इथलीच, जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने १८८० च्या दशकात काढलेली, आणि टाऊ मोए यांच्यासारखे कलावंत कोलकात्यात राहून गेल्यामुळे ती आपल्याकडे रुजली. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. हे सगळे मी अंकलना सांगितले तेव्हा त्यांनी विश्वमोहन भट्टांचे वादन ऐकायला मागितले. भट्टांना ज्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९९४ साली ग्रॅमी मिळाले तिच्यात त्यांच्या जोडीला अमेरिकन गिटारवादक राय कूडर होते, आणि हेच कूडर सत्तरच्या दशकात इथे येऊन इथले गिटारवादक गॅबी पाहिनुई यांच्याबरोबर वाजवून गेले होते. गॅबी हे तर अंकलचे दैवतच. डोळे मिटून अर्धा तास ऐकल्यावर ते म्हणाले, "हा माणूस पाऊस नसलेल्या गावचा आहे." भट्ट जयपूरचे आहेत हे मी त्यांना सांगितले नव्हते.

अंकल स्वतःला कधी शिक्षक म्हणवत नसत. १९९४ साली हामाकुआ किनाऱ्यावरचा साखर कारखाना बंद पडेपर्यंत ते उसाची ट्रक चालवत, आणि मी सांगलीकडची, उसाच्या फडांमधूनच लहानाची मोठी झालेली, म्हटल्यावर आमच्या निम्म्या गप्पा गळिताच्या होत. कारखान्यानंतर त्यांनी घरामागच्या ओढ्याकाठी अळू लावले. अळू हे इथल्या लोकांचे नुसते पीक नाही. आकाशपित्याचे पहिले मूल मृत जन्मले, त्याला पुरले तिथे अळू उगवले आणि त्यानंतर जन्मलेल्या भावापासून माणसे झाली, अशी त्यांची कथा आहे. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. वाफ्यात उतरताना अंकल आवाज चढवत नसत आणि आपल्यालाही चढवू देत नसत. मी पैशांचे पाकीट पुढे केले त्या दिवशी त्यांनी मला रे काने यांची गोष्ट सांगितली होती. नानाकुलीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या रे नावाच्या पोराला अल्बर्ट कावेलो यांच्याकडून गिटार शिकायची होती. कावेलो घराबाहेरच्यांना शिकवत नसत. मग हा पोरगा समुद्रात बुडी मारून मासे पकडायचा आणि माशांच्या बदल्यात धडे घ्यायचा. पुढे १९८७ साली अमेरिकेच्या सरकारने त्याच रे काने यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान दिला. गोष्ट संपवून अंकलनी माझ्या डब्याकडे बोट दाखवले. तेव्हापासून दर शनिवारी अळूवड्या ही आपली गुरुदक्षिणा ठरली. त्यांच्याकडे पाने डुकराच्या मांसाभोवती गुंडाळून तासन् तास वाफवतात. चिंच-गुळाने घशाची खाज मारता येते हे त्यांना नवे होते आणि त्यांनी ते अर्ध्या गावाला सांगितले.

घराबाहेर न शिकवण्याचे मूळ समजून घेतल्याशिवाय पुढचे तुला नीट कळणार नाही. व्हँकूव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने १७९३ साली पहिल्या कामेहामेहा राजाला गाईगुरे भेट दिली. राजाने ती मारायला बंदी केल्याने ती रानोमाळ माजली, आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिसऱ्या कामेहामेहाने गुरे वळायला मेक्सिकोकडचे घोडेस्वार गुराखी बोलावले. 'एस्पान्योल'चे इथल्या जिभेवर 'पानिओलो' झाले. त्या गुराख्यांबरोबर गिटारी आल्या. गुराखी परत गेले, काही गिटारी राहिल्या, आणि त्या कशा लावायच्या हे पुरते न शिकलेल्या लोकांनी आपल्या गळ्याला मानवेल तशा त्यांच्या तारा उतरवल्या. प्रत्येक घराने वेगळ्या. घराण्याचा ठेवा म्हणून ते लावणे जपले जाई. वाजवून झाले की तारा पार ढिल्या करून गिटार ठेवायची, म्हणजे पाहुण्याने हात लावला तरी काही कळू नये. मला पूर्वी हा कोतेपणा वाटायचा. पण ज्यांचे राज्य १८९३ मध्ये गेले, ज्यांच्या भाषेची शाळांमधून १८९६ मध्ये कायद्याने हकालपट्टी झाली, ज्यांच्या जमिनी कागदांवर कागद होऊन हातच्या गेल्या, त्यांच्याकडे कुलूप न लावता लपवता येईल असे काय उरले होते, असा विचार मी करू लागले तेव्हा माझा तो शब्द मी मागे घेतला.

अंकलच्या घरचे लावणे त्यांच्या आजीचे, तूतूचे होते. ती वाइमेआची, गुराख्यांच्या घरातली. तिची एकच चाल होती, बोलाशिवायची. २३ मे १९६० च्या रात्री, एक वाजून चार मिनिटांच्या सुमारास चिलीच्या भूकंपाची लाट हिलोवर आली आणि ६१ माणसे गेली, तेव्हा अंकल सतरा वर्षांचे होते. भोंगा ऐकून घरचे सगळे वर चढावर गेले म्हणून वाचले, पण घर गेले आणि घराबरोबर तूतूची गिटारही गेली. नवी घेण्याची ऐपत नव्हती. म्हातारी ती चाल नुसती गुणगुणायची. अंकलनी शेजाऱ्याची गिटार उसनी आणून चाल बसवायचा प्रयत्न केला, पण तारा कशा लावायच्या ते ती सांगेना. एकदा विचारले, नाही म्हणाली. वर्षाने विचारले, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने गिटार ओढून घेतली आणि स्वतः तारा उतरवल्या. हे त्यांनी आपल्या दोघांना एकदाच सांगितले होते, ओसरीवर, पाऊस कोसळत असताना. कोकी बेडकांचा गोंगाट इतका होता की मी पुढे सरकून ऐकत होते आणि तू त्यांच्या कुत्र्याच्या पाठीवर डोके ठेवून पडला होतास. मला वाटले, तू झोपला आहेस.

तू झोपला नव्हतास. त्यांची शिकवण्याची रीत तुझ्यासारख्याच मुलासाठी होती. ते कधी "असे कर" म्हणत नसत. त्यांच्या भाषेतली एक म्हण ते सांगत, "नाना का माका, होओलोहे का पेपेइआओ, पाआ का वाहा", म्हणजे डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका, तोंड बंद ठेवा. मी वही घेऊन जायचे, शंका विचारायचे, स्वरांची नावे सारेगमत लिहून घ्यायचे. स्त्रियांच्या नावाने ओळखले जाणारे 'वाहिने' लावणे त्यांनी मला शिकवले तेव्हा मी किती खूश होते ते तुला आठवत असेल. अळूच्या वाफ्यातली तिसरी तार आणखी अर्ध्या स्वराने उतरवली की षड्जाचा निषाद होतो, प, सा, प, नी, ग, प. आणि मग वाजवताना त्या निषादावर बोट आपटून क्षणात षड्जावर यायचे. निषादावरून षड्जावर येण्यात आपल्याकडे जी ओढ असते तीच ती ओढ, प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा. मला वाटले, हेच यांचे गुपित. ते गुपित नव्हते, पुस्तकांमधून छापले गेलेले लावणे होते. तूतूचे लावणे त्यांनी २०१४ च्या पावसाळ्यात एका दुपारी मी बाजारात गेलेली असताना तुला शिकवले. तू मागितलेही नव्हतेस.

मग २०१५ साल आले. तू सोळा वर्षांचा होतास. तू तुझ्या खोलीत तूतूची चाल वाजवलीस, फक्त हात दिसतील असा व्हिडिओ केलास, खाली सहाही तारांचे स्वर टिपून दिलेस आणि इंटरनेटवर टाकलास. त्यात तुझा काही वाईट हेतू नव्हता हे मला तेव्हाही माहीत होते. तुला ती चाल जगातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटत होती आणि ती कुणाला माहीत नाही याचा तुला राग होता. लास वेगासला, जिथे आता इतकी हवाईयन माणसे राहतात की तिला नववे बेट म्हणतात, तिथे त्यांच्या एका पुतण्याने तो पाहिला आणि फोन केला. दिवसही वाईट होते. त्याच एप्रिलमध्ये मौना केआ डोंगराच्या रस्त्यावर नव्या दुर्बिणीला विरोध करणाऱ्या तीसेक लोकांना अटक झाली होती. त्या दुर्बिणीत आपला भारतही भागीदार आहे आणि तुझे बाबा डोंगरावरच्या दुसऱ्या दुर्बिणीच्या कचेरीत नोकरी करत होते. अंकलची बहीण रस्त्यावर उभ्या असलेल्यांमध्ये होती. यावरून अंकल आपल्याला कधी एक शब्द बोलले नाहीत, उलट त्या शनिवारी "नवऱ्यालाही घेऊन ये" म्हणाले. पण न विचारता घेतलेल्या गोष्टींची यादी त्या घरात आधीच लांब होती, आणि तिच्यात शेवटची भर आपल्या घरातून पडली.

त्यानंतरचा शनिवार तुला आठवतोच. त्यांनी गिटार बाहेर काढली, एकेक खुंटी फिरवून सगळ्या तारा लोंबेपर्यंत सैल केल्या, गिटार पेटीत ठेवली आणि म्हणाले, "आज तण काढू या." तीन तास आपण तिघे गुडघाभर चिखलात होतो. व्हिडिओचे नाव निघाले नाही. रात्री तू तो काढून टाकलास. पुढच्या शनिवारी परीक्षा आहे म्हणालास, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा काही म्हणालास, आणि मग तू सिॲटलला शिकायला गेलास.

महिनाभराने अंकलनी विचारले, "पोरगा कुठे आहे?" मी तुझ्या वतीने माफी मागू लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवले. ते जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले होते, म्हणून शब्दशः सांगते. ते म्हणाले, "तिसरी तार त्याने बरोबर लावली होती. माझ्या मुलीला ती कधी ऐकू आली नाही. पण घाई फार करतो. तूतू काही घोड्यावर बसून वाजवत नव्हती." मग बराच वेळ ते पावसाकडे बघत बसले आणि म्हणाले, "त्याने विचारले असते तर मी नाही म्हटले असते. मग त्याने पुन्हा विचारायचे असते. मी तीनदा विचारले होते. त्याला सांग, त्याने न विचारता केले ते मी एकदा विचारले असे धरतो. दोनदा उरले आहे."

बाळा, हा निरोप मी तुला दिला नाही.

नऊ वर्षे मी स्वतःला कारणे दिली. आधी तुझ्या परीक्षा, मग तुझे जाणे, मग तू आपणहून त्यांना भेटशील तर बरे, मग इतक्या उशिरा कशाला उगाच. ही सगळी कारणे खोटी नव्हती, पण ती खरीही नव्हती. खरे कारण असे, की मी सात वर्षे दर शनिवारी वड्या करून नेल्या, आठ महिने अंगठा झिजवला, वह्या भरल्या, आणि जे मला मिळाले नाही ते तुला कुत्र्याशी खेळता खेळता मिळाले. ते तू उधळून टाकलेस असे मला वाटले, आणि अंकल रागावतील, तुझ्यासाठी दार बंद होईल, असे वाटून मनाच्या एका कोपऱ्यात मला बरे वाटले. पण दार बंद झाले नव्हते. तुझ्यासाठी दोनदा उरले होते, आणि माझ्यासाठी मुळात दारच नव्हते. पोटच्या मुलाचा हेवा वाटतो हे कबूल करायला आईला जड जाते. तुझ्या बाबांनाही हे मी काल रात्री पहिल्यांदा सांगितले. ते एवढेच म्हणाले, "लिही त्याला."

मी स्वतः २०१९ साली त्यांना एकदा विचारले. नाही म्हणाले. २०२२ मध्ये दुसऱ्यांदा विचारले तेव्हा हसले आणि नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारायला मी धीर गोळा करत होते, तेवढ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. अंगठ्याशिवाय ती चाल वाजत नाही. गेले वर्षभर ते ओसरीवर बसून डाव्या हाताची बोटे खुर्चीच्या हातावर फिरवत असत, आणि कुठली चाल चालली आहे ते मला बोटांवरून ओळखू येई, तरी मी विचारले नाही. आजारी माणसाकडे मागायचे कसे, असे मला वाटले. आता वाटते, कदाचित ते वाटच बघत असतील. पण तेही माझे म्हणणे झाले.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी जेवणे झाल्यावर कुणीतरी म्हणाले, तूतूची चाल होऊ द्या. अकरा गिटारी मांड्यांवर होत्या आणि एकही हलली नाही. त्यांच्या मुलीने सगळ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून नाही म्हटले, आणि मग मला राहवले नाही. तू व्हिडिओ काढून टाकलास त्याच्या दोन दिवस आधी मी तो माझ्या जुन्या फोनमध्ये उतरवून घेतला होता. तो फोन मी अजून चार्ज करते. ती चाल मी किती वेळा ऐकली असेन ते सांगत नाही. पण तिचे स्वर समोर लिहिलेले असूनही माझी गिटार मी त्या स्वरांत एकदाही लावली नाही, कारण ते मला कुणी दिले नव्हते. मी घरी येऊन फोन घेऊन पुन्हा गेले. पडवीत तिघी-चौघी त्याच्याभोवती वाकून बसल्या. दोन मिनिटे चाळीस सेकंद. तुझी कुरतडलेली नखे दिसतात, मध्येच खिडकीबाहेर शेजारच्यांची गाडी सुरू होते. घाई फार करतोस हे खरे आहे. शेवटच्या वळणावर मात्र तू थांबतोस, निषादावर, जरा जास्तच वेळ, आणि तिथे त्यांच्या मुलीने तोंडावर हात घेतला.

त्यांनी तो पुन्हा चार वेळा पाहिला. मग ती मला म्हणाली, "बाबांनी निरोप दिला होता ना त्याला?" म्हणजे तिला ठाऊक होते, आणि तिला वाटत होते की तू निरोप मिळूनही आला नाहीस. तिने नऊ वर्षे तुझ्यावर ठेवलेला तो आळ माझ्यामुळे होता. मी तिला सगळे सांगितले, तुला लिहिले आहे तसेच. ती रागावली नाही, निदान मला दाखवले नाही. तिची धाकटी चौदा वर्षांची आहे. तुला ती पाळण्यात आठवत असेल. हिलोच्या हवाईयन माध्यमाच्या शाळेत शिकते, पणजोबांच्या पिढीला जी भाषा वर्गात बोलायची बंदी होती तिच्यात बीजगणित सोडवते, आणि आजोबांची गिटार तिलाच मिळाली आहे. ती आईला म्हणाली की फोनमधले बघून ती लावून घेईल. आईने तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि मला परत दिला. "ज्याला दिले आहे तो येऊन देईल," म्हणाली.

म्हणून तू नाताळात ये. तिकीट आम्ही काढू. ती मुलगी तुला विचारणार आहे, आणि तिला तिच्या आजोबांची गोष्ट पुरती माहीत आहे, तेव्हा तू पहिल्यांदा नाही म्हणालास तर तिला वाईट वाटणार नाही. मला वाटते, ती खट्टू होईल ती तू लगेच हो म्हणालास तर.

मला काही नको. तुम्ही दोघे वाजवाल तेव्हा मी स्वयंपाकघरात वड्या लावत असेन आणि दार उघडे असेल.

तुझी,
आई

ता. क. येताना मध्यम जाडीच्या ब्राँझच्या तारांचे चार संच आण. इथल्या दमट हवेत तारा महिन्याभरात गंजतात, आणि पेटी उघडली तेव्हा अंकलच्या गिटारीवरच्या सहाही सैल होत्या. बेसन इथे मिळते, आणू नकोस.